बारोलो: थांबणं कोणाला परवडतं?

बाटली २००८ची होती. सेर्रालुंगा द'आल्बा या गावातल्या एका छोट्या उत्पादकाची बारोलो. कंपनीच्या कामासाठी सहा महिने तुरिनला होतो, तेव्हा निघायच्या आधी चार सहकाऱ्यांनी आणि मी वर्गणी काढून ती घेतली. पहिल्या घोटाला वाटलं, फसलो. रंग इतका फिका, की ग्लासाच्या पलीकडची बोटं दिसत होती. कडेला विटकरी झाक. तोंडात मात्र कात ठेवल्यासारखी कोरड. हिरड्या आवळून आल्या. ज्याच्या घरी बसलो होतो तो एवढंच म्हणाला, "थांब."

आमच्या धंद्यात दर दोन आठवड्यांनी काहीतरी ग्राहकाच्या हाती द्यावं लागतं. बारोलोचा कायदा सांगतो, की तोडणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने वाईन मुरली पाहिजे, त्यातले १८ महिने लाकडात. रिझेर्वा म्हणवून घ्यायचं असेल तर ६२ महिने. हे सगळं नेब्बिओलो नावाच्या एकाच द्राक्षासाठी. पीडमाँटमधल्या लांगे टेकड्यांवरचं हे मूळचं वाण. ते उशिरा, ऑक्टोबरात पिकतं. तेव्हा दऱ्यांमध्ये धुकं उतरलेलं असतं. धुक्याला तिकडे 'नेब्बिया' म्हणतात, आणि नाव त्यावरूनच पडलं असं सहसा सांगतात. या द्राक्षात रंग कमी, आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा त्याहून भरपूर. वर्षं जातात तसा तो तुरटपणा मवाळ होतो, थोडा गाळ होऊन तळाशी बसतो.

दोन तासांनी तीच वाईन वेगळी होती. वाळलेल्या गुलाबपाकळ्या, आणि त्यांच्यामागे डांबर. डांबर आणि गुलाब ही बारोलोच्या वर्णनातली ठरलेली जोडी. वाचताना मला ती समीक्षकांची फुशारकी वाटायची. पण पावसाळ्यापूर्वी रस्त्यावर ओततात त्या गरम डांबराचा वास ज्याने घेतलाय, त्याला ती लगेच पटते. तुरटपणा गेला नव्हता, फक्त आता तो चवीला धरून होता. आपल्याकडे सहा रसांमध्ये तुरटाला स्वतःची जागा आहे. तो दोष नाही, रस आहे. बारोलो प्यायला मराठी जिभेला एवढी शिदोरी पुरेशी आहे. सोबत ताजारिन होत्या, अंड्याच्या पिवळ्या बलकात मळलेल्या बारीक शेवया, वर नुसतं लोणी. स्निग्ध घास, मग तुरट घोट, मग पुन्हा घास. ही वाईन एकटी पिण्यासाठी केलेलीच नाही.

इथपर्यंत मी खूष होतो. मग गोष्ट सुरू झाली. बारोलो पिताना ती कुणीतरी सांगतंच. १९८०च्या दशकात काही तरुण उत्पादक फ्रान्सला जाऊन आले आणि घरच्या जुन्या पद्धतीवर उलटले. सालींसकट आंबवण्याचा काळ त्यांनी काही आठवड्यांवरून काही दिवसांवर आणला. हजारो लिटरच्या जुन्या पिंपांऐवजी २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं आणली. त्यांना 'बारिक' म्हणतात, आणि ती खरंच बारीक असतात. वाईन गडद झाली, लवकर पिण्याजोगी झाली, व्हॅनिलासारखी दरवळू लागली, अमेरिकेत खपली. समोर उभे राहिले बार्तोलो मास्कारेल्लो. वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षं एकत्र करूनच बारोलो करायची, या जुन्या रीतीवर ते अडून राहिले. उतारवयात चाकाच्या खुर्चीत बसून ते हाताने लेबलं रंगवत. त्यातल्या एकावर लिहिलं होतं: 'बारिक नको, बेर्लुस्कोनी नको.' २००५मध्ये ते गेले. आज गोष्टीचा शेवट त्यांच्या बाजूने लागलाय. मोठी पिंपं परत आली, आणि संयमाने उतावळेपणाला हरवलं असं आपण ग्लास उंचावून म्हणतो.

चवीपुरतं हे मलाही मान्य आहे. नव्या लाकडाची व्हॅनिला नेब्बिओलोचा गुलाब झाकते. पण ही गोष्ट सांगताना संयम हा जणू स्वभावाचा गुण असतो, तिथे मी अडतो.

बेप्पे फेनोलिओ हा आल्बाचाच लेखक. १९५४ साली आलेल्या त्याच्या 'ला मालोरा' या छोट्या कादंबरीत याच लांगे टेकड्यांवरच्या एका गरीब घरातला मुलगा दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून ठेवला जातो. युद्धानंतर इथली माणसं टेकड्या सोडून तुरिनला मोटारींच्या आणि आल्बाला चॉकलेटच्या कारखान्यात गेली. मागे राहिलेल्यांपैकी कितीतरी जण द्राक्षं व्यापाऱ्याला विकत, आणि भाव व्यापारी ठरवी. एलिओ आल्तारे अशाच शेतकरी घरातला. १९८३मध्ये त्याने वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापली. वडिलांनी त्याला वारशातून काढून टाकलं. गोष्टीत हा प्रसंग उर्मटपणाचा नमुना म्हणून येतो. मला त्यात भीती दिसते. पाच वर्षं तळघरात पैसा अडकवून ठेवणं ज्याला जमत नाही, त्याने काय करायचं?

हे मला दिसतं, कारण मी निफाडचा आहे. आमची द्राक्षं खायची, थॉमसन. वाईनशी त्यांचा संबंध नाही. पण व्यापाऱ्याची वाट बघणं तेच. माल तयार, आभाळ भरून आलेलं, आणि गाडी येत नाही. आजोबा म्हणायचे, "द्राक्ष थांबत नाही, आपल्यालाच थांबायला लावतात." ते थांबणं कुणी बाटलीत भरून विकलं नाही. मी इंजिनिअर झालो, त्यामागे ते थांबणंही आहे.

म्हणून मला वाटतं, आल्तारेच्या पिढीची चव चुकली, मागणी बरोबर होती. वेलीवरचे जादा घड कापायचे, फळ कमी पण चांगलं घ्यायचं, तळघर स्वच्छ ठेवायचं, हे आग्रह त्यांनी लावून धरले आणि आज जुन्या वळणाच्या उत्पादकांनाही ते परके नाहीत. बारोलोला जगात भाव मिळवून देण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. त्या भावामुळेच आज एखादा छोटा उत्पादक शांतपणे मोठ्या पिंपाकडे परतू शकतो. परंपरा टिकली, पण तिचं भाडं बंडखोरांनी भरलं. वाईनवर लिहिणारे बहुतेकदा ग्लासातल्या काळाचं कौतुक करतात, तो काळ कुणाच्या खर्चाने मुरला ते विचारत नाहीत. त्याशिवाय चवीचं वर्णन अर्धंच राहतं.

आणि वाईन? उत्तम होती. सेर्रालुंगाच्या बारोलो लवकर नमत नाहीत असं म्हणतात. ही अजून दहा वर्षं सहज टिकली असती. शेवटचा ग्लास माझ्या वाट्याला आला, तळाच्या गाळासकट. यजमान म्हणाला, तेवढं सोडून दे. मी सोडलं नाही. जिभेवर रवाळ, कडसर लागलं. गुलाब नव्हता त्यात.