काचेवरचे डाग

खिशातल्या यंत्रात क्षणार्धात चित्र उमटण्याच्या या काळात काही छायाचित्रकार एकोणिसाव्या शतकातील टाकून दिलेल्या प्रक्रियांकडे परत वळले आहेत, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, विशेषेकरून अमेरिकेत, या परतीस चळवळीचे रूप आले आहे. परप्रांती नोकरीच्या गावी, संध्याकाळच्या रिकाम्या वेळात या मंडळींचे चित्रसंग्रह चाळताना आमच्या मनात कौतुकाबरोबर एक शंकाही उभी राहिली. ती येथे मांडतो.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियनचा थर ओतावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि दहा-पंधरा मिनिटांच्या आत अंधाऱ्या खोलीत आणून चित्र प्रकट करावयाचे. उष्ण हवेत कोलोडियनमधील ईथर झपाट्याने उडून जाते. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी. आपल्या हवेत त्या पिढीस काय सायास पडले असतील! पण त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच असे: काच निर्मळ यावी.

आजच्या कलावंतास नेमके उलट हवे असते. ओघळ, धुळीचे ठिपके, कडेला सोललेला थर हे सारे तो जपतो, किंबहुना मुद्दाम ओढवून घेतो. आमच्या घरी पणजोबांचे एकच छायाचित्र होते. एका बदलीच्या वेळी सामानात पावसाचे पाणी शिरले आणि डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तपकिरी डाग पसरला. त्या डागात आम्हांस आजवर सौंदर्य दिसलेले नाही. मग दुसऱ्याने हौसेने पाडलेल्या डागापुढे आम्ही हात का जोडावेत?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सॅली मान यांच्या ‘व्हॉट रिमेन्स’ या २००३ च्या संग्रहात सापडले, आणि तेही अर्धेच. अमेरिकन यादवी युद्धात अँटिएटम येथे १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात सुमारे तेवीस हजार माणसे मेली, जखमी झाली किंवा नाहीशी झाली. लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर ओल्या काचा घेऊन तेथे गेला. त्याच्या काचा स्वच्छ आहेत, कारण प्रेते समोर पडलेली होती. सॅली मान त्याच रणभूमीवर त्याच रीतीने काम करण्यास गेल्या, तेव्हा तेथे शेत, झाडे आणि आकाश याखेरीज काहीच उरले नव्हते. निर्मळ काचेवर नुसते शेतच आले असते. त्यांच्या काचेवर काळोख दाटतो, जमीन खरचटल्यासारखी दिसते. कोलोडियन त्या काळी शस्त्रवैद्य जखमा झाकण्यासाठीही वापरीत, हे ध्यानी आले म्हणजे हे डाग नुसते अलंकार राहत नाहीत. त्याच संग्रहातील स्वतःच्या मुलांच्या चेहऱ्यांवर मात्र तीच क्रिया केलेली पाहून आम्ही थबकलो. तेथे आम्हांस पुन्हा पणजोबांचा डोळा आठवला.

या मार्गाने निघालेल्या इतर पुष्कळांविषयी न लिहिलेलेच बरे. आजच्या तरुणाला पत्र्यावर उतरवून त्याच्या आजोबांसारखा दाखविणे, हा वेषांतराचा खेळ आहे. (सरकारी दप्तरखान्यातील निळे नकाशे ज्यांनी हाताळले आहेत, त्यांस हर्शेलच्या १८४२ च्या निळ्या छपाईचे अप्रूप वाटणेही कठीणच!)

बिन्ह दान यांची गोष्ट निराळी. १९७७ साली व्हिएतनाममध्ये जन्मलेला आणि बालपणीच अमेरिकेत गेलेला हा कलावंत हिरव्या पानावर युद्धात मेलेल्यांच्या चेहऱ्याची प्रत ठेवून, ते पान काचेखाली दाबून, कित्येक दिवस उन्हात ठेवतो. ऊन पानाचा हिरवा रंग उडविते आणि चेहरा पानातच उमटतो. येथे जुन्याची नक्कल नाही, डाग नाही. ऊन, पान आणि मृत माणूस एवढेच.

पुढे त्यांनी योसेमिटीच्या डोंगरांची चित्रे डागेरच्या रीतीने रुप्याच्या पत्र्यावर घेतली. असा पत्रा आरशासारखा लखलखतो. त्यात डोंगर पाहावयास गेलेल्यास स्वतःचा चेहराही दिसतो. निर्वासित म्हणून आलेल्या मुलाने अमेरिकेच्या या गाजलेल्या भूमीत पाहणाऱ्या प्रत्येकास असे उभे करावे, हे आम्हांस फार मार्मिक वाटले. परंतु आमच्यापुढे होते ते छापील पान, आणि छापील पानावर तो आरसा उतरत नाही. तेव्हा या चित्रांपुरता आमचा अभिप्राय ऐकीव समजावा.