परंपरा : ठेव की कुंपण?

एडमंड बर्क यांचा फ्रेंच राज्यक्रांतीवरील १७९० सालचा ग्रंथ पुराणमतवादी राजकीय विचाराचा आधारग्रंथ मानला जातो. समाज हा मृत, हयात व पुढे जन्मणाऱ्या पिढ्यांची भागीदारी होय. केवळ तर्काच्या बळावर जुन्या संस्था मोडू नयेत. सुधारणा सावकाश व्हावी. धर्म हा नागरी समाजाचा पाया आहे, ही त्यातील मुख्य सूत्रे. त्यांतील विनय आम्हांस ग्राह्य वाटतो. मानवी बुद्धी पापाने मलिन झाली आहे हे जाणणाऱ्यास क्रांतीची घाई मानवत नाही. १७९३-९४ मधील रक्तपाताने बर्क यांची भीती खरी ठरविली.

तथापि त्याच १७९० च्या मार्चमध्ये बर्क यांनी पार्लमेंटात टेस्ट कायदा रद्द करण्यास विरोध केला. १६७३ च्या या कायद्याने सरकारी अधिकारपदासाठी अँग्लिकन विधीप्रमाणे प्रभुभोजन घेणे सक्तीचे केले होते. ही अट १८२८ पर्यंत टिकली. बाप्टिस्टादी मंडळ्यांचे विश्वासू जन त्यामुळे दाराबाहेर राहिले, आणि कृपेचे साधन नोकरीचा दाखला बनले.

दोष येथेच आहे. धर्माचे मोल समाजाच्या स्थैर्यावरून ठरविले, की शुभवर्तमान त्या समाजाचा न्याय करू शकत नाही. मार्क ७ मध्ये प्रभूने वडिलांचा संप्रदाय देवाच्या आज्ञेच्या कसोटीस लावला. म्हणून मंडळीतील एखाद्या रूढीचे समर्थन करताना पाळकांनी व उपदेशकांनी ती किती जुनी आहे एवढेच पाहू नये. तिच्यामुळे दाराबाहेर कोण उभा आहे, हे आधी पाहावे.