कव्हर उरलं, परीक्षण गेलं

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘गेम इन्फॉर्मर’ बंद झालं आणि व्हिडिओ गेमच्या छापील मासिकांसाठी गळे काढणं सुरू झालं. पुढच्या मार्चमध्ये नव्या मालकानं ते परत उभं केलं, तरी गहिवर ओसरलेला नाही. कागदाचा वास, कव्हरवरची चित्रं, पोस्टमनची वाट! अहो, पण आत काय छापलेलं असायचं, ते कोणी बोलेल का?

‘निन्टेन्डो पॉवर’चे नकाशे देखणे होते, कबूल. पण १९८८ पासून जवळजवळ दोन दशकं ते खुद्द निन्टेन्डोच काढत होती. ‘गेम इन्फॉर्मर’ गेम विकणाऱ्या दुकानांच्या साखळीचं होतं आणि दुकानाच्या सदस्यत्वाबरोबर घरोघर जायचं. ‘फामित्सू’मध्ये चौघे मिळून चाळीसपैकी गुण देतात, त्याला मी गुणपत्रिका म्हणेन, परीक्षण नाही.

परीक्षण होतं ते ‘अमिगा पॉवर’मध्ये. इंग्लंडमधल्या बाथहून निघायचं; मे १९९१ ते सप्टेंबर १९९६, अवघे ६५ अंक. शंभरपैकी गुण द्यायचे तर शून्यापासून शंभरपर्यंतचे सगळे आकडे वापरायचे आणि मध्यम खेळाला पन्नासच द्यायचे, हा त्यांचा हट्ट. इतरत्र असला खेळ सत्तरच्या घरात सहज जायचा. ‘टीम १७’च्या काही खेळांना कमी गुण पडले, तेव्हा कंपनीनं परीक्षणासाठी खेळ पाठवणंच थांबवलं. मासिक वाकलं नाही.

त्याचा एक अंक मला मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला होता. कव्हरवरची फ्लॉपी कोणीतरी काढून घेतलेली, चिकटपट्टीबरोबर छपाईही सोलून निघालेली. अमिगा संगणक मी तोवर पाहिलासुद्धा नव्हता. तरी एक परीक्षण तीनदा वाचलं. खाली कुठे पाय पडणार हे दिसत नसताना खेळाडूला उडी मारायला लावणं ही लबाडी कशी, हे त्यात मुद्देसूद मांडलेलं होतं. खेळाच्या रचनेवर असा वाद घालता येतो, हे मला तिथे कळलं.

आणि आज? ‘क्रॅश’, ‘झॅप ६४’ ही जुन्या मासिकांची नावं पुन्हा छापली जातात, त्यांचे चित्रकार ऑलिव्हर फ्रे यांच्या कव्हरांचं पुस्तक निघतं. ‘रेट्रो गेमर’ मन लावून जुन्या कारागिरांना बोलतं करतं, पण मुलाखत म्हणजे निवाडा नव्हे. १९९३ पासूनच्या ‘एज’नं धार बरीच राखली आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’नं दीड हजारांहून जास्त जुने अंक शब्द शोधता येतील असे खुले केले, ते काम मला मोलाचं वाटतं. कारण आता कोणत्या खेळाला कोणी डोक्यावर घेतलं होतं, ते ताडून पाहता येतं.

इंटरनेटनं मासिकं मारली, हे सांगणं पुरे करा. इंटरनेटनं बातम्या नेल्या, नकाशे नेले, डेमोच्या चकत्या नेल्या. मत कोणी नेलं नव्हतं; बहुतेकांकडे ते नव्हतंच! ज्यांच्या जाहिरातींवर अंक निघायचा, त्यांच्याच खेळाला वाईट म्हणायची हिंमत किती संपादकांत होती? आजचे गुळगुळीत, महागडे अंक तोच वारसा सांगत असतील, तर तो मला नको. पैसे मोजायला मी आनंदानं तयार आहे. पण याच महिन्यात आलेल्या एखाद्या बड्या खेळाला चाळीस टक्के द्या आणि ते का दिले, हे चार पानं भरून सांगा.