विकृतीची दोन रूपे : महाकाय प्राण्यांचे अल्पखर्ची भयपट

महाकाय प्राण्यांच्या अल्पखर्ची भयपटांकडे समीक्षाव्यवहाराने प्रामुख्याने दोन रीतींनी पाहिले आहे. एक, त्यांना कलाबाह्य ठरवून दुर्लक्षिण्याची. दुसरी, त्यांच्या फसलेल्या क्लृप्त्यांवर मनमुराद हसण्याची. दुसरी रीत रसिकतेचा आव आणते. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : साधनांचे दारिद्र्य म्हणजे आशयाचे दारिद्र्य. १९५७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेले दोन चित्रपट शेजारी ठेवले, तर हे गृहीतक टिकत नाही.

येथे रसविचाराचे साहाय्य घेता येते. भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष आणि अलंकार यांचा समावेश केला आहे. भयानकाच्या विभावांत विकृत ध्वनी, भीषण सत्त्वांचे दर्शन, अरण्य, ओसाड घर इत्यादी येतात. म्हणजे विकृती ही दोन्ही रसांची सामाईक भूमी आहे. भयानकाच्या विभावांत ध्वनीला मिळालेले स्थान मात्र विशेष लक्षणीय आहे. कानावर आलेली विकृती अपुरी असते; तिचे रूप प्रेक्षकाला स्वतःच पुरे करावे लागते. डोळ्यांपुढे आलेल्या विकृतीला ही सवलत नसते. तिच्या घडणीतला जोड दिसला, की ती हास्याच्या प्रांतात शिरते.

बर्ट आय. गॉर्डन यांच्या ‘बिगिनिंग ऑफ दि एंड’मध्ये इलिनॉय राज्यातील शेतकी प्रयोगकेंद्रात किरणोत्साराच्या साहाय्याने पिके वाढविली जातात. ती खाऊन टोळ महाकाय होतात आणि शिकागोवर चालून जातात. त्यासाठी खरे टोळ इमारतींच्या छायाचित्रांवर सोडून चित्रीकरण केले गेले. एक टोळ इमारतीची कड ओलांडून थेट आकाशावर पाय ठेवतो आणि त्या क्षणी आलंबनविभाव कोसळतो. प्रेक्षक हसतो, ते स्वाभाविकच आहे. पण या हसण्यात एक गोष्ट निसटते. टोळांचा नायनाट करण्यासाठी शिकागोवर अणुबॉम्ब टाकण्याची योजना लष्कर आखते. किरणोत्साराने जन्माला घातलेल्या संकटावर अण्वस्त्र हाच उतारा मानला जातो, आणि तोही एका साध्या प्रशासकीय निर्णयाच्या सुरात. चित्रपटातील खरे भयानक तेथे आहे. त्याला दृश्यक्लृप्तीची गरजच नाही. अखेर टोळांना मिशिगन सरोवरात ओढून नेतो तो कृत्रिम ध्वनी.

रॉजर कॉर्मन यांच्या ‘अटॅक ऑफ द क्रॅब मॉन्स्टर्स’मध्ये पॅसिफिकमधील एका बेटावर अणुचाचण्यांच्या किरणोत्साराचे परिणाम अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञांचे पथक येते. आधीचे पथक नाहीसे झालेले असते. तेथील महाकाय खेकडे माणसाला खातात, त्याचे मनही आत्मसात करतात आणि मृताच्याच आवाजात त्याच्या सोबत्यांना हाका मारतात. दरम्यान बेट तुकड्यातुकड्याने समुद्रात कोसळत असते. येथील खेकडा दिसतो तेव्हा टोळाइतकाच हास्यास्पद ठरतो. साधने येथेही तितकीच तुटपुंजी आहेत. तथापि भयाचा भार आवाजावर ठेवलेला असल्याने दृश्यातील अपयशाने चित्रपट ढासळत नाही. रात्री आलेल्या हाकेला लगेच ओ देऊ नये, या मराठी लोकसमजुतीतही हेच भय आहे : मारणारा आपल्या माणसाच्या आवाजात बोलावतो. अणुयुगाच्या संदर्भात त्याला आणखी एक अर्थ येतो. येथे ज्ञानच ज्ञात्याला गिळते आणि त्याच्याच वाणीने उरलेल्यांना बोलावू लागते.

सुसान सोंटॅग यांनी १९६५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले, की विज्ञानकल्पित विध्वंसपट जागतिक चिंता प्रतिबिंबित करतात आणि त्याच वेळी त्या शमवितातही. हे मत सर्वसाधारणपणे मान्य करावे लागते. मात्र शमनाचे काम केवळ चित्रपट करतो असे नाही. त्यावर हसणारी समीक्षाही ते करते. लाकूड-कागदाच्या प्राण्याकडे बोट दाखविले, की तो ज्या चाचण्यांमुळे जन्मला त्यांच्याकडे पाहण्याची निकड उरत नाही.

अल्पखर्ची भयपटांचे मूल्यमापन करताना पैसा किती होता, यापेक्षा उपलब्ध दारिद्र्य कोठे खर्ची घातले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. गॉर्डन यांनी ते डोळ्यांपुढे मांडले, कॉर्मन यांनी बरेचसे कानांच्या स्वाधीन केले. हा भेद रसनिर्मितीचा आहे आणि तो सर्वांना एकाच हशात काढणाऱ्या समीक्षेला ऐकू येणे अवघड आहे.