‘पुसणे’ आणि ‘अपरिवर्तनीय’ : एका संदर्भपुस्तकाची परिभाषा

यांत्रिक विषयावरील ग्रंथांची भाषा हा भाषाभ्यासकाचा प्रांत नव्हे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. एसटीएम३२एफ० या मायक्रोकंट्रोलर-मालिकेचे संदर्भपुस्तक वाचताना तो टिकत नाही. या चिपमधील प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत असतो व दोन तारांच्या डीबग-जोडणीवाटे तो बाहेरून वाचता, लिहिता आणि पुसता येतो. त्या वाटेवरील पहाऱ्याच्या ०, १ आणि २ अशा तीन पातळ्या आहेत.

प्रथम ‘पुसणे’ हा शब्दच पाहू. पाटी पुसली की ती कोरी होते. ही फ्लॅश पुसली की तिचा प्रत्येक बिट १ होतो, आणि लेखन म्हणजे त्यांपैकी काहींचे ० करणे. ‘रीसेट’ची गोष्ट निराळी. त्याने प्रोसेसर आरंभापासून चालू लागतो. फ्लॅशमधील एक अक्षरही हलत नाही. मोबाइलच्या ‘फॅक्टरी रीसेट’मुळे हे दोन अर्थ लोकव्यवहारात एकमेकांत मिसळले असून, जुने यंत्र परक्या हाती देणाऱ्यास तो घोटाळा महाग पडू शकतो.

पातळी १ वरून ० वर येण्याची तजवीज मात्र विचारपूर्वक केलेली आहे. सारी मुख्य फ्लॅश आधी पुसली जाते, नंतरच पहारा उठतो. क्रम उलटा असता तर मधल्या क्षणी गुपित उघडे पडले असते.

खरे वैगुण्य संकेतरचनेत आहे. पातळी ० साठी ‘एए’ व तिचा पूरक ‘५५’, पातळी २ साठी ‘सीसी’ व ‘३३’ अशा निश्चित जोड्या लागतात. उरलेले प्रत्येक मूल्य पातळी १ समजले जाते. प्राग संप्रदायाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पातळी १ हे अचिन्हित पद होय. बिघाड झाल्यास चिप उघडी न पडता १ वर यावी, हा हेतू ० च्या बाजूने योग्यच आहे. परंतु जी पातळी २ अपरिवर्तनीय म्हणून वर्णिली जाते, तीही त्या जोडीतील एक बिट पालटताच १ वर घसरते. ओबरमायर व टाट्शनर यांनी २०१७ साली चिपचे आवरण काढून अतिनील प्रकाशाने नेमके हेच घडवून दाखविले. शिवाय पातळी १ मध्ये डीबग-जोडणीची पहिली वाचनक्रिया पहारा बसण्यापूर्वी साधू शकते. दर वेळी रीसेट करून एकेक ‘शब्द’ याप्रमाणे प्रोग्रॅम बाहेर काढता येतो. (येथे शब्द म्हणजे ३२ बिट, आमच्या शास्त्रातील शब्द इतका शिस्तशीर नाही.)

तेव्हा ‘अपरिवर्तनीय’ हे विशेषण कोणाला लागू पडते? प्रामाणिक मालकाला. पातळी २ लावल्यावर त्याला डीबग-जोडणीने ती चिप पुसताही येत नाही. किल्ल्या नष्ट करावयाच्या तर ते काम चिपमधील प्रोग्रॅमनेच करावे लागते, आणि तशी सोय आधीच करून ठेवावी लागते. पातळी १ असल्यास ० ची आज्ञा द्यावी आणि मग संपूर्ण फ्लॅश पुन्हा वाचून प्रत्येक बाइट ‘एफएफ’ आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.