‘माझे विद्यापीठ’ आणि आपली मुले

दहावीचा निकाल लागला, की गावोगावच्या सत्कार-समारंभांत नारायण सुर्वे यांचे नाव हमखास निघते. ज्याला कॉलेजची पायरी चढता येणार नाही, त्याच्या समाधानासाठी ‘माझे विद्यापीठ’ हे दोन शब्द वक्त्यांना फार सोयीचे पडतात. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संग्रहावर हा अन्याय आहे, असे माझे मत आहे.

सुर्व्यांच्या कवितेत गिरणी, रस्ता, चाळ ही शिकण्याची ठिकाणे आहेत हे खरे. पण ते शिक्षण फुकटचे नाही. त्याची फी भुकेने आणि अपमानाने भरलेली आहे. शिवाय एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. शाळेत शिपायाची नोकरी करणाऱ्या सुर्व्यांनी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली आणि पुढे ते मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. रस्त्याला विद्यापीठ म्हणणाऱ्या कवीनेही प्रमाणपत्राचे मोल जाणले होते.

दुसरे टोक भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३). पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो आणि अपयश घेऊन गावी परततो. कॉलेज-जीवनातला पोकळपणा इतक्या निर्दयपणे मराठीत क्वचितच आला असेल. पण पांडुरंगाला परतायला वडिलांचे घर होते, शेती होती. आपल्या भागातल्या भाडेकरू कुटुंबातल्या मुलाला असे परतणे परवडत नाही.

म्हणजे आपल्या वाङ्मयात एकीकडे कॉलेजने रिकामा केलेला नायक आहे, दुसरीकडे कॉलेजावाचून मोठा झालेला असामान्य पुरुष. या दोहोंच्या मधला, हाताने काम करीत रीतसर शिकणारा साधा मुलगा कुठे आहे? मला तरी तो फारसा भेटलेला नाही.

नवल हे, की त्याचा वारसा आपल्याच मातीत आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला सोडून यंत्राच्या आरेखनाकडे वळले. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण त्यांना ‘उद्योगपती’ म्हणून हार घालतो. सुट्या भागांशी झटत शिकलेला कारागीर मात्र विसरतो.

आज उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप पाहावेत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने कारखान्यात विद्यावेतन घेत शिकण्याची वाट खुली केली. फिटर, टर्नर यांचा आयटीआयचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची सोयही आहे. तरी पालक दबक्या आवाजात सांगतात, “सर, मार्क कमी पडले, म्हणून आयटीआयला घातला.” मराठी माध्यमातून आलेला मुलगा पीयूसीच्या इंग्रजीत दोन-दोन वर्षे अडकला, तरी तो ‘कॉलेजात’ असतो!

हा कमीपणा अज्ञानातून येतो. लेथवर टेपर काढायचा तर कोनाचे गणित यावे लागते. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग मागतो. तिथे ‘साधारण बरोबर’ चालत नाही. गणिताचा कंटाळा असलेल्यांसाठी ही पळवाट नव्हे. आणि ज्याला खरोखर इतिहास वा भौतिकशास्त्र शिकायचे आहे, त्याने कॉलेजातच जावे. माझा आक्षेप कॉलेजला नाही. दुसरे काही सुचत नाही म्हणून तिथे जाण्याला आहे.

पालकांची समजूत घालणे आम्हा शिक्षकांचे काम आहेच. पण प्रतिष्ठा परिपत्रकाने येत नाही. ती गोष्टींमधून येते. शेतकरी, मास्तर, कारकून यांना आपल्या लेखकांनी माणूस म्हणून उभे केले. आता सीमाभागातल्या लेखकांनी टर्नरचे घर पाहावे. त्याच्या शिकण्यातही कादंबरीला पुरेल एवढे सुखदुःख आहे.