अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना

फलटणच्या पश्चिमेस खंडाळा तालुक्यात नायगाव, सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. दक्षिणेस खटाव तालुक्यात कटगुण, जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव. या दोन गावांचा शेजार लाभलेल्या फलटणमध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ पुन्हा वाचताना आम्हांस एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली.

१८७३ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ जोतीरावांनी अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. तेथील गुलामगिरी १८६५ साली घटनेने रद्द केली होती आणि त्या कार्यासाठी झटलेल्यांविषयीची कृतज्ञता त्यांना व्यक्त करावयाची होती. ही अर्पणपत्रिका आपल्याकडे व्याख्यानांतून आवर्जून सांगितली जाते. मात्र त्याच ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेचा उल्लेख क्वचितच होतो. युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर केलेले अत्याचार जोतीराव तेथे निःसंकोच नोंदवितात. आर्यांच्या आगमनाविषयीचे त्यांचे विवेचन आजचे संशोधक जसेच्या तसे स्वीकारीत नाहीत. परंतु ज्यांचे ऋण मानावयाचे त्यांच्या देशाचे पापही झाकावयाचे नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा आजही मोलाचा आहे.

ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. धोंडिबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. ही रचना आपल्या वाचकांस धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांची आठवण करून देईल. पण अमेरिकेसंबंधीचा एक प्रश्न धोंडिबा विचारीत नाही : मूळ रहिवाशांची भूमी आणि आफ्रिकी गुलामांचे श्रम यांचा परस्परसंबंध काय?

इतिहास त्याचे उत्तर देतो. १७७६ च्या जाहीरनाम्याने सर्व माणसे समान ठरविली. १७८७ च्या घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलामांची गणती तीन माणसांएवढी केली. १८०३ साली दीड कोटी डॉलरांना फ्रान्सकडून लुइझियाना घेऊन देशाचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला. तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. १८३० च्या कायद्याने मूळ जमातींना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचे धोरण ठरले. १८३८ साली चेरोकींना सैन्याने बाहेर काढले. त्या स्थलांतरात हजारो मेले. रिकाम्या केलेल्या भूमीवर कापूस पिकू लागला आणि गुलामांचा बाजार तेजीत आला.

त्या बाजारात आपलीही माणसे होती, हे लिहिताना लेखणी जड होते. त्याच १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ स्त्री-पुरुष व मुले विकली. त्यांतील बहुतेकांची रवानगी लुइझियानात झाली आणि आलेल्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यास लागला. पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. २०१७ साली येशूसंघाने त्या विकलेल्यांच्या वंशजांसमोर जाहीर क्षमा मागितली. या क्षमायाचनेस १७९ वर्षे लागली.

मग जोतीरावांनी गौरविलेले सज्जन नव्हतेच काय? निश्चित होते. १७७६ सालीच फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्यास बंदी केली. फलटणमधील कमला निंबकर बालभवन या शाळेस ज्यांचे नाव आहे, त्या कमलाबाई अमेरिकेतील क्वेकर कुटुंबातच जन्मल्या होत्या.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : मुलांना अर्पणपत्रिका जरूर वाचून दाखवावी, पण प्रस्तावनाही वगळू नये. पापनिवेदनाचा संस्कार लहानपणी शिकलेल्या आपल्या समाजास हे वाचन अवघड वाटू नये.